सरकीची थैली आणि मिस्त्रींचा गुडघा

माझ्या उभ्या आयुष्यात मी जेवढी माणसं पाहिली, त्यांतली निम्मी उकिडवी बसलेली पाहिली. उमरखेडला माझा दवाखाना होता त्या काळात खुर्ची ही वस्तू कचेरीत, शाळेत आणि फोटोवाल्याकडे असायची. बाकी सगळा संसार उकिडवा. चहा उकिडवं बसून, बाजार उकिडवं बसून, भांडण तेवढं उभ्याने, आणि ते मिटलं की बिडी पेटवून पुन्हा उकिडवं. माझे पेशंट बाकावर बसायला संकोचायचे. फारच आग्रह केला तर बाकावर चढायचे आणि तिथेही उकिडवेच बसायचे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी डॉक्टरकीतला एखादा थरारक अनुभव मागितला आहे. साप चावलेली माणसं, अडलेल्या बाळंतिणी असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. तेही झालं, पण ते प्रत्येक खेड्यापाड्यातल्या डॉक्टरकडे असतं. मला राहून राहून आठवतो तो एक गुडघा. तो होता रफिक मिस्त्रींचा, एकोणीसशे साठच्या दशकातला.

आधी गुडघा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली, आणि दोघांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या. आकार चंद्रकोरीसारखा, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. हाडावर हाड घासू नये, धक्का बसू नये, हे त्यांचं काम. माणूस सरळ चालतो तोवर त्या बिचाऱ्या निमूट असतात. पण गुडघा पूर्ण वाकलेला, अंगाचा भार त्यावर, पाऊल जमिनीत रुतलेलं, आणि अशात माणूस कमरेतून गर्रकन वळला, तर आतली चकती दोन हाडांच्या जात्यात सापडते आणि फाटते. फाटलेला तुकडा मध्येच जाऊन बसला की गुडघा अडकतो. दारात खडा अडकल्यावर दार होतं तसा. ना पूर्ण उघडत, ना पूर्ण मिटत.

नागपूरला शिकताना आमच्या विलायती पुस्तकात लिहिलं होतं की ही दुखापत फुटबॉल खेळणाऱ्यांना आणि कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांना होते. उमरखेडात मला यांतल्या कुठल्याच जातीचा माणूस कधी भेटला नाही. त्यामुळे हे प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. जी माणसं दिवसभर उकिडवी बसून डावी-उजवीकडे वळत कामं करतात, त्यांच्याबद्दल त्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

रफिक मिस्त्री गावच्या जिनात मिस्त्री होते. जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, आणि त्यातल्या एकेका यंत्राला रेचा म्हणतात. हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू व्हायचा. पावसाळाभर मिस्त्री एकेका रेच्यासमोर उकिडवे बसून तो खोलायचे, घासायचे, जोडायचे. वय पस्तिशीचं, अंगकाठी मजबूत, बोलणं सावकाश. तोंडात कायम पान. जिनात आग आणि थुंकी या दोन गोष्टींची, कारभार पाहणाऱ्या दिवाणजींना सारखीच चीड. म्हणून मिस्त्रींनी पिंक टाकायला पाठीमागे एक डबा ठेवला होता. पोळ्याच्या आधी एके दिवशी मिस्त्री रेच्याखाली पाय रोवून बसले होते, हातात पाना, तोंडात पान, आणि पाना न सोडता, पाय न हलवता ते डब्याकडे वळले. पिंक डब्यात नीट पडली. गुडघा गेला.

मी हे इतकं बारीक सांगू शकतो, कारण पुढे महिनाभर मिस्त्री येईल त्याला हे करून दाखवत होते, आणि मी दर वेळी त्यांना वळायच्या आत धरत होतो.

माझ्याकडे यायच्या आधी तो गुडघा गावभर फिरून आला होता. तालमीतल्या एका पहिलवानाने तो ओढून पाहिला. एका म्हाताऱ्याने त्यावर बिब्बा घातला. त्याने गुडघा होता तसाच राहिला, वरून कातडी भाजली. एका शहाण्याने तर सांगितलं की यात वात शिरला आहे आणि तो कानातून काढावा लागेल. अखेर दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून, वाकडा पाय हवेत धरून मिस्त्री माझ्या दारात उभे राहिले.

"डॉक्टरसाब, पाय सरळ होऊनच नाई राह्यला. आत काहीतरी अडकेल हाय. मले आवाज आलता."

मी त्यांना झोपवलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. पुस्तकातलं ते पाठ केलेलं प्रकरण एकदम डोळ्यांसमोर आलं, अगदी पानावरच्या चहाच्या डागासकट. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी फुटबॉलवाला भेटला होता.

सुजेतलं पाणी सुईने काढलं. मिस्त्रींनी दुखण्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी ती काचेची पिचकारी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी उजेडात धरली आणि निरखून म्हणाले की तेल साफ आहे, बुरादा, म्हणजे लोखंडाचा कीस, दिसत नाही, तेव्हा इंजिन चांगलं आहे. मी म्हटलं, रक्त नाही हे खरंच चांगलं लक्षण आहे. त्यावर त्यांनी सोबतच्या दोघांकडे असं पाहिलं, जणू निदान त्यांनी आणि मी मिळून केलं.

मग अडकलेला गुडघा सोडवायचा होता. पेशंटने अंग सैल सोडलं तरच हे जमतं, आणि दुखणारा गुडघा कुणी हातात धरला की जगातला कोणताही माणूस अंग सैल सोडत नाही. मी मिस्त्रींना विचारलं, रेचा नेमका चालतो कसा? झालं. ते कापूस ओढणाऱ्या कातडी लाटण्याबद्दल बोलायला लागले, मग पात्याबद्दल, मग दिवाणजी स्वस्तातली कातडी आणतात त्याबद्दल. दिवाणजींवर आल्यावर ते इतके रंगले की मी गुडघा वाकवला, नडगी हळूच फिरवली, बाहेरून आत दाब दिला आणि पाय लांब केला, तरी वाक्य चालूच होतं. आतून टक् असा आवाज झाला आणि पाय सरळ झाला. दारातल्या गर्दीनेही तो आवाज ऐकला. त्यानंतर आठवडाभर लोक माझ्याकडे अडकलेलं काहीही घेऊन यायचे. एकाने कुलूप आणलं होतं.

आता पुढचं काय ते मी मिस्त्रींना समजावून सांगितलं. आतली चकती फाटली आहे. ती शिवता येत नाही आणि आपली आपण फारशी जुळत नाही, कारण तिला रक्त जेमतेम मिळतं.

"नवा वायसर टाका ना मंग. नागपूरले भेटन."

मी म्हटलं, नागपूरला फाटलेला वॉशर काढून टाकतील, पण नवा घालणार नाहीत. तो कारखान्यातून येताना एकदाच येतो. मिस्त्रींनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "खोलेल इंजन पैल्यासारखं बसत नाई, साब. मी सोताच खोलतो म्हून सांगून राह्यलो."

पुढे कैक वर्षांनी कळलं की सगळी चकती काढून टाकलेले गुडघे लवकर झिजतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं आणि मिस्त्रींना तर मुळीच नव्हतं. ते फक्त घाबरले होते. पण कधी कधी भीती बरोबर निघते.

राहिला दुसरा रस्ता. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा राखणदार. गुडघा दुखला की हा राखणदार सगळ्यांत आधी झोपी जातो आणि दोन-चार आठवड्यांत मांडी सुकते. तो पुन्हा उभा केला, तगडा केला, तर फाटकी चकती घेऊनही माणूस चालतो, चढतो, काम करतो. उपाय अगदी साधा. पाठीवर झोपायचं, पावलाला वजन बांधायचं, गुडघा ताठ ठेवून पाय उचलायचा, धरायचा, खाली ठेवायचा. आणि उकिडवं बसायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकून मिस्त्रींचा चेहरा उतरला. कारण तेवढ्यात दिवाणजींचा निरोप आला होता. दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा व्हायची. यवतमाळहून जिनाचे मालक शेठजी मोटारीने यायचे, आणि मिस्त्रीने त्यांच्यादेखत पहिल्या रेच्यासमोर बसून तो चालू करायचा, ही रीत. तोवर मिस्त्री बसता झाला तर ठीक, नाहीतर अकोल्याचा मिस्त्री येणार. नोकरी गेली की जिनाच्या आवारातली खोलीही जाणार होती. त्याच खोलीत मिस्त्रींचे वडील वारले होते आणि आई अजून राहत होती. मी दिवाणजींना भेटून सांगून पाहिलं की तिपाईवर बसूनही रेचा चालू होतो. ते म्हणाले, "शेठ उभे अन् मिस्त्री तिपाईवर? डॉक्टर, मिस्त्री बसत नसन त थो मिस्त्री कायचा?"

मी थैलीत वाळू भरायला सांगितली होती. मिस्त्रींनी सरकी भरली. जिनात सरकीचे ढीग पडलेले, वाळूसाठी नदीवर कोण जाणार? मला कल्पना आवडली. कापसाच्या मुलखातला औषधोपचार कापसाच्या बीने! पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन थैली पावलाला बांधली. मिस्त्रींनी पाय वीतभर उचलला, कण्हले आणि घामाघूम झाले. आई, म्हणजे अम्मा, दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बाहेर त्यांची म्हैस बांधलेली होती. तिच्याकडे मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही.

दर आठवड्याला मिस्त्री दवाखान्यात दाखवायला यायचे आणि दर आठवड्याला बातमी चांगली. थैली आता जड वाटत नाही. थैली आता काहीच वाटत नाही. एकदा म्हणाले की पाय असा वर जातो की आढ्याला लागेल अशी भीती वाटते. मी फुलून गेलो. यवतमाळच्या एका डॉक्टर मित्राला मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्याने लगेच आपल्या दोन पेशंटना सरकी बांधली. जिल्ह्याच्या डॉक्टरांपुढे यावर एक निबंध वाचावा असंही माझ्या मनात आलं. त्याचा पहिला परिच्छेद, जो आम्हां डॉक्टरांच्या निबंधात नेहमी स्वतःच्या कौतुकाचा असतो, तो लिहूनही झाला होता.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. मी दर वेळी शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजायचो, आणि दुखरी मांडी काही भरत नव्हती. आधी मी टेपवर संशय घेतला. घरी येऊन स्वतःच्या मांड्या मोजल्या. बायकोने दारातून विचारलं की कपडे शिवायला टाकायचे आहेत का. टेप बरोबर होता. वजन उचललं जातंय, ताकद वाढतेय आणि मांडी मात्र काडी, हे कोणत्याच पुस्तकात बसेना. शेवटी एका दुपारी मी न सांगता मिस्त्रींच्या खोलीवर गेलो.

मिस्त्री आत बाजेवर झोपून पाय वर-खाली करत होते. पाय खरोखरच पाखरासारखा उडत होता. मी थैली सोडून हातात घेतली आणि माझा हातच वर गेला. थैली टम्म फुगलेली, आणि वजन उशीचं. उसवून पाहिलं तर आत सगळी रुई. तळाशी चार दाणे सरकीचे, चवीपुरते.

अम्मांना मी बोलावलं. त्या आल्या, थैलीकडे पाहिलं आणि जराही गडबडल्या नाहीत.

"सरकी त खायाची चीज हाय, डाक्टरसाब. पायाले बांधून वर-खाली कराची हाय काय? तिकडे म्हैस उपाशी अन् इकडे सरकी नाचून राह्यली."

रोज दोन-दोन मुठी त्या काढत गेल्या होत्या. थैली रिकामी दिसली तर पोरगा ओरडेल म्हणून तेवढी रुई आत भरत गेल्या. मी रागावणार तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या की पहिल्या दिवशी पोरगा किती कण्हत होता, तुम्ही गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडला. मी आई आहे. थोडं हलकं केलं तर काय बिघडलं? यावर रागवायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मिस्त्री बाजेवर उठून बसले होते. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. इतके दिवस ज्या पायाचा त्यांना गर्व होता, तो पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.

"मंजे माही सारी ताकत म्हशीच्या पोटात गेली?"

"अन् दूध कोन पेलं?" अम्मा म्हणाल्या. "तूच ना?"

मला हसू आवरेना आणि मिस्त्रींना रडू. दसरा तोंडावर आला होता. माझा निबंध तिथल्या तिथे बारगळला. यवतमाळच्या मित्राला मी पत्र टाकून विचारलं की तुझ्या पेशंटांकडे गुरं आहेत का. त्याला या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. त्याने उलट विचारलं की तुझी प्रकृती बरी आहे ना.

त्या दिवसापासून वजन लोखंडाचं. मिस्त्रींनी जिनातलं एक मोडकं दातेरी चाक आणलं, ते फडक्यात गुंडाळून पायाला बांधलं आणि पाय उचलला. पाय उचलला गेलाच नाही. पोळ्याला होते तिथेच आम्ही पुन्हा होतो, आणि आता दिवस थोडे. मी अम्मांना बाजेजवळ बसवलं आणि सगळा खेळ समजावला. हे वजन जड आहे म्हणूनच औषध आहे, हलकं केलं तर ते औषध नाही, आणि मग ही खोलीही नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मान हलवली.

मी दिवसातून तीनदा व्यायाम सांगितला होता. अम्मा म्हणाल्या, घरात घड्याळ नाही, तीनदाचा हिशेब कोण ठेवणार? अजान पाचदा होते, ती साऱ्या गावाला ऐकू येते. दर नमाजानंतर पाय उचलायचा. मिस्त्रींना गुडघे टेकता येत नव्हते, ते बाजेवर बसूनच नमाज पढायचे, आणि याची त्यांना फार शरम वाटे. नमाज झाला की अम्मा चाक घेऊन उभ्या. ज्या बाईने मायेपोटी सरकी चोरली, ती आता पोरगा कण्हला तर म्हणायची की आणखी एकदा. मी नागपूरला मोठमोठ्या सर्जनांच्या हाताखाली काम केलं, पण पेशंटवर एवढा वचक मी कुणाचाच पाहिला नाही. आता टेपही साथ देऊ लागला. मांडी रेघेरेघेने भरत होती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मिस्त्री न लंगडता चालले. पायऱ्या चढले. बाज सोडून चटईवर बसले. त्या शुक्रवारी ते सगळ्यांच्या रांगेत गुडघे टेकून, हलक्या हाताने भार सांभाळत नमाज पढून आले आणि सरळ माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसले. दोघांचेही डोळे भरले होते.

पण उकिडवं बसून वळणं हे वेगळं. चकती आत फाटलेलीच होती. मी ती बरी केली नव्हती, तिच्यासोबत जगायला शिकवलं होतं. डॉक्टर लोक यातला फरक पेशंटला नीट सांगत नाहीत, मी मिस्त्रींना सांगितला. ते म्हणाले की एकदाच बसतो, शेठसमोर, रेचा चालू करण्यापुरता. मी म्हटलं, आणि तेव्हाच अडकला तर? बसलेला मिस्त्री उठलाच नाही तर अकोल्याचा मिस्त्री त्याच संध्याकाळी येईल. शेवटी मिस्त्रींनी सुताराकडून एक बुटकी तिपाई करून घेतली आणि पूजेच्या दिवशी ती रेच्याच्या मागे लपवून ठेवली.

दसऱ्याला मी मुद्दाम गेलो. रेच्यांना झेंडूच्या माळा, सगळे मजूर धुतल्या कपड्यांत, दिवाणजी इकडून तिकडे. शेठजी मोटारीतून उतरले. उतरले म्हणजे दोघांनी त्यांना बाहेर काढलं. माणूस वयस्कर, देह प्रशस्त, आणि दोन्ही गुडघे असे की पाहताक्षणी माझ्यातला डॉक्टर हळहळला. रेच्यासमोर पाट मांडला होता. शेठजी पाटाकडे बघत राहिले. दर वर्षी त्यांना दोघं धरून खाली बसवायचे आणि चौघं मिळून वर काढायचे, असं मला शेजारच्या मजुराने हळूच सांगितलं.

त्या वर्षी शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं, रेच्याच्या मागे वाकून पाहिलं आणि हिंदीत विचारलं की ही तिपाई कुणाची. मिस्त्रींचा रंग उडाला. दिवाणजींनी मिस्त्रींकडे असं पाहिलं की अकोल्याची गाडी सुटलीच. शेठजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी तिपाई ओढून घेतली, तिच्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढा सुटकेचा श्वास टाकला. पूजा त्यांनी बसूनच केली. नारळ फुटला. मग ते म्हणाले, चला, मिस्त्री, चालू करा.

मिस्त्री उभेच. शेठजी क्षणभर गोंधळले, मग त्यांना उलगडा झाला. ते चक्क उठले, स्वतःच्या हाताने तिपाई मिस्त्रींपुढे सरकवली आणि दिवाणजींना म्हणाले की अशी एक माझ्या घरी पाठवा, आणि एक दुकानातही. मिस्त्री तिपाईवर बसले. पाय पुढे सरळ, पान तोंडात, डबा आता समोर. पट्टा चढला, रेचा घरघरला आणि पहिल्या कापसाची रुई ढगासारखी बाहेर आली. दिवाणजींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

गर्दी पांगल्यावर मी तिपाईजवळ गेलो. तिच्यावर एक गादी शिवलेली होती, मऊ, टम्म फुगलेली. मी ती दाबून पाहिली आणि ओळखली. तीच थैली होती, रुई आणि तळाशी चार दाणे सरकीचे.

अम्मा मागे येऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मोटारीत शिरणाऱ्या शेठजींच्या गुडघ्यांकडे बघत होत्या, एखादी जाणकार बघते तशा.

"थ्याले बी कसरत सांगसान ना, डाक्टरसाब," त्या म्हणाल्या, "त पैल्या दिवसापासून लोखंडच सांगा. थ्याच्या घरी चार म्हशी हायेत."